कितवी विचारणारी मावशी

पहिल्याच भेटीत मावशीने मला विचारलं, "कितवी?"

पहाटेचे साडेचार वाजले होते. महाड स्टँडच्या बाहेर पोलादपूरहून आलेली सात आसनी गाडी उभी होती आणि मी काखेत फाइल धरून तिचं दार उघडत होतो. मी सत्तेचाळीस वर्षांचा, शाळेत विज्ञान शिकवणारा, भरघोस मिशांचा माणूस. मधल्या सीटवर साठीतली एक बाई पाय वर घेऊन बसली होती. नाव नाही, गाव नाही, थेट "कितवी?" असल्या चौकशा आमच्याकडे फक्त दिवस गेलेल्या बाईकडे करतात, त्याही हळू आवाजात.

"काय कितवी?"

"किमो रे. नायतर ह्या गाडीत कोण हवा खायला बसतंय?"

"पहिली," मी म्हणालो.

"माजी नववी. मागं नको, धक्के लागतात. हितं बस."

असं म्हणून तिने पदर मागे टाकला आणि टाळूवरून तळहात फिरवला. डोकं गुळगुळीत होतं. भुवया नव्हत्या, पापण्या नव्हत्या. बाईमाणसाचं असं डोकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी इतका दचकलो की गाडीचं दार माझ्याच बोटावर लावून घेतलं. तिने बोटावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि म्हणाली, "रडायचं तर आताच रडून घे. पुढं वेळ नाय गावत."

ती गाडी म्हणजे आमच्या भागातल्या पेशंटांची गाडी. दर बुधवारी पोलादपूरहून निघायची, महाडला थांबायची आणि मुंबईच्या हॉस्पिटलात नेऊन संध्याकाळपर्यंत परत आणायची. माझ्या मानेत गाठ आली होती. वर्षानुवर्षं फळ्यावर पेशीविभाजनाच्या आकृत्या काढणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी त्याच आकृत्या कागदावर काढून दाखवल्या, तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा किमो घ्यायच्या होत्या. मावशीचं दुखणं पोटातलं होतं. एकदा बरं होऊन उलटलेलं. ती उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. नवरा कधीच गेलेला, दोन्ही मुलगे मुंबईत कामाला, घरी ती आणि तिची थोरली जाऊ. एवढी माहिती तिने पहिल्या तासाभरात दिली आणि माझी सगळी काढून घेतली.

गाडीत तिचा एक कायदा होता. माणगाव मागे पडलं की सगळ्यांनी डोकी उघडी करायची. "हितून पुढं आपला कोण सोयरा नाय," ती जाहीर करायची. टोप्या, रुमाल, ओढण्या निघायच्या आणि मांडीवर जायच्या. पोलादपूरची एक तरुण मुलगी विग लावून यायची. पहिल्या खेपेला ती खिडकीला चिकटून बसून राहिली. मावशीने तिला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त डबा उघडला, तांदळाच्या भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तुज्या डोस्क्याला खाज सुटत आसंल गो. मना नाय बघायचं, मी भायेर बघतंय." ती मुलगी हसली आणि तिने विग काढून मांजराच्या पिल्लासारखा मांडीवर घेतला. परतीला माणगाव आलं की मावशी टाळी वाजवायची आणि आम्ही सगळे पुन्हा झाकले जायचो.

माझे केस पहिल्या किमोनंतर अठराव्या दिवशी गेले. आंघोळीला बसलो, डोक्यावर तांब्या ओतला आणि केसांचा पुंजका हातात आला. सौभाग्यवती बाहेरून विचारत होती, "झालं का?" आणि मी आत हातातले केस कुठे ठेवावेत या विचारात होतो. बुधवारी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "गळायची वाट नाय बघायची. आपणच काढून टाकायचं. मग गेले नाय म्हणायचं, काढले म्हणायचं." पुढच्या खेपेला तिने जुन्या लुगड्याच्या मऊ सुती कापडाची टोपी शिवून आणली. रात्री घालून झोपायची, कारण टाळू हुळहुळी होते आणि उशीचा अभ्रासुद्धा टोचतो. हे मला कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. नाकातले केसही जातात आणि मग भर वर्गात नाक गळतं, खिशात दोन रुमाल ठेवावे लागतात, हेही तिनेच सांगितलं. कधी "मावशी, तुम्ही"चं "मावशी, तू" झालं, ते मला कळलंसुद्धा नाही.

डोक्यावर वस्तरा फिरवून घेतला, पण मिशी मात्र मी धरून ठेवली होती. त्याला कारण होतं. माझे वडील जिवंत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, बिरवाडीच्या पुढे आमच्या गावी थोरल्या भावाकडे राहत होते. बाप जिवंत असताना मुलाने मिशी उतरवायची नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, ते ठाऊकच असतं. मी बाबांना आजाराचं सांगितलेलं नव्हतं. दादाने आणि मी मिळून ठरवलं होतं की म्हाताऱ्याने हाय खाल्ली तर दोन दोन आजारी माणसं कोण सांभाळणार? कामाचा बोजा आहे, परीक्षा आहेत, असं सांगून मी दोन महिने गावाकडे फिरकलो नव्हतो.

मिशीला मात्र आमचा ठराव मान्य नव्हता. तिसऱ्या किमोच्या आधी तिची उजवी बाजू गेली आणि डावी राहिली. मावशी गाडीत माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "अर्धं वावर पेरलं नि अर्धं पडीक सोडलं. काढ ती." मी न्हाव्याकडे गेलो. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, पण त्याने वस्तरा हातात घेऊन खाली ठेवला. "सर, बाबा आहेत ना? मग मी मिशीला हात लावू?" त्याला सगळं सांगावं लागलं. त्याने डोळे पुसले, मग आरशाकडे पाठ करून मला बसवलं आणि मिशी काढली. घरी येऊन पाहिलं तर आरशात कोणीतरी परका इसम उभा होता. मी त्याला खरोखरच "कोण?" म्हणालो.

भुवयाही विरळ होत गेल्या. शाळेत पालकसभा होती आणि मला जाणं भाग होतं. मावशीने आदल्या बुधवारी पिशवीतून काजळाची डबी काढली, ड्रायव्हरला पेणजवळ गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बोटाने माझ्या भुवया रेखून दाखवल्या. "अशा काढायच्या सभेच्या दिवशी. मास्तर हायस, जरा रागीट दिसला पायजेस," ती म्हणाली आणि त्या इतक्या रागीट काढल्या की हॉस्पिटलातल्या नर्सने मला दोनदा शांत राहायला सांगितलं. तरी पालकसभेला मी तशाच काढून गेलो. नववीच्या एकाही पालकाने मार्कांबद्दल तक्रार केली नाही.

त्यानंतर घडलं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी हसूही येतं, याची मला लाज वाटते. एका संध्याकाळी मी चवदार तळ्याच्या बाजूने घरी चाललो होतो. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीखाली टक्कल, मिशी सफाचट. समोरून आमच्या गावाशेजारचे, बाबांना आबा म्हणणारे एक गृहस्थ आले. त्यांनी मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"कधी गेले आबा? काय कळवलं पण नाय?"

मला काय झालं कोण जाणे. 'नाही हो, मला कॅन्सर आहे' एवढे शब्द तोंडातून निघेनात. तो शब्द मी तोवर रस्त्यावर कधी उच्चारलाच नव्हता. मी मान खाली घातली. त्यांनी ती मान हलली असं धरलं. "सोनं झालं त्यांचं," असं म्हणून, माझ्या पाठीवरून हात फिरवून ते गेले. मी स्वतःच्या जिवंत बापाला भर रस्त्यात मारून घरी आलो आणि चहा प्यायलो.

दोन दिवसांनी ते गृहस्थ आणखी चौघांना घेऊन आमच्या गावी भेटायला गेले. पडवीत बाबा सुपारी कातरत बसले होते. पाचही जण अंगणात जागच्या जागी उभे राहिले. बाबांनी त्यांचे पडलेले चेहरे पाहिले आणि काळजीने विचारलं, "कोण गेलं रे?" शेवटी त्यातल्या एकाने खरं ते सांगितलं, "तुमीच."

दादाचा फोन आला तेव्हा त्याच्या मागून बाबांचा आवाज येत होता. "त्याला इचार, बाप हाय का मेला? मिशी कोणासाठी काढली?" मी फोन बंद करून ठेवला. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा वाटलं की पुरे झाली ही किमो. जी घेऊन आपण बापाला तोंड दाखवू शकत नाही, ती घ्यायची कशाला?

बुधवारी मी हे सगळं गाडीत सांगितलं. मावशी आधी हसली, ठसका लागेपर्यंत हसली. मग एकदम थांबली.

"म्हंजे बापाला ठावंच नाय?"

"नाही."

"नि तू किमो सोडतोस म्हणतोस?"

"बघू."

"बरं," एवढंच ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवशी तिने माणगावला टोप्या काढा म्हणूनसुद्धा सांगितलं नाही.

ज्यांनी किमो घेतली आहे त्यांना ठाऊक असेल, सुई टोचल्यावर दोन दिवस अंगात हुरूप असतो. तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो. त्या दोन दिवसांतला पहिला दिवस मावशीने माझ्यासाठी खर्ची घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उमरठहून निघून पोलादपूरला आली, तिथून एसटीने हायवेवरच्या नाक्यावर, तिथून रिक्षाने बिरवाडी आणि पुढे विचारत विचारत आमच्या गावी. मला पत्ता नाही. मी सातवीच्या वर्गावर होतो. दादाचा फोन आला.

"एक बाई आली आहे," तो कुजबुजत होता. "टकली आहे. बाबांच्या समोर बसली आहे. तू पाठवलीस का?"

मला तिचा संताप आला, सांगायला लाज कशाला वाटावी? मी तिला विश्वासाने सांगितलं होतं. सख्ख्या भावाने आणि मी मिळून राखलेली गोष्ट, आणि ही तीन महिन्यांच्या ओळखीची बाई माझ्या बापाच्या पडवीत जाऊन बसते?

पुढचं मला दादाने सांगितलं. तिने पाणी मागून घेतलं, प्यायली आणि बाबांच्या समोर पदर खाली घेतला. "आबा, बघा माज्याकडं. माज्या घरात कोण मेलं नाय. हे औषधानं गेलं. तुमच्या मास्तरचं पण औषधानंच गेलं. त्याला गाठ झाली हाय. तुमी जिवंत हाव नि तो पण जिवंत हाय. तो तुमच्यापायी घाबरतो नि औषध सोडतो म्हणतो. आता काय करायचं तुमी बोला."

बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "मिशी परत येते?"

"येते. पयली कापसासारखी येते. मग सुधारते."

"मग त्याला म्हणावं, घरी ये."

मी त्याच दुपारी गेलो. बाबांनी मला जवळ बसवून माझ्या वरच्या ओठावरून अंगठा फिरवला, टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "तान्हा होतास तवा असाच होतास," ते म्हणाले. मी गाठ आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडलो. त्यानंतर दर रविवारी मी गावी जाऊ लागलो. उरलेल्या किमोच्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला आणि मावशीने पढवल्याप्रमाणे त्यांनी विचारलं, "कितवी?" माझी सहावी झाली. गाठ गेली. कापसासारखी मिशी आली. त्या दुपारनंतरच्या आठ महिन्यांत बाबांनी माझ्यासोबत जेवढ्या गप्पा मारल्या, तेवढ्या आधीच्या चाळीस वर्षांत मारल्या नव्हत्या. पुढे माघात ते झोपेत गेले, तेव्हा मी त्यांच्याजवळ होतो. मावशी त्या सकाळी पडवीत जाऊन बसली नसती, तर यातलं काही मला मिळालं नसतं.

पण मी पुढचं आधी सांगतो आहे. माझ्या किमो संपल्यावर बुधवारची गाडी सुटली. मावशीला सुरुवातीला आठवड्याने फोन करायचो, मग पंधरा दिवसांनी. "बरी हाय," ती म्हणायची, "मिशी किती आली ते बोल." मी मिशीचं सांगायचो. श्रावणात एके दिवशी मुंबईहून हॉस्पिटलाचा फोन आला. पेशंटच्या, म्हणजे मावशीच्या, दोन तारखा चुकल्या आहेत, त्या का आल्या नाहीत? मी विचारलं, मला का विचारताय? तिकडून बाई म्हणाली, "नातेवाईक म्हणून तुमचंच नाव आणि नंबर आहे. नातं: भाऊ."

दुसऱ्या दिवशी मी उमरठला गेलो. तिथून वाडीपर्यंत चढ चालून गेलो. मावशी पडवीत कांबळ्यावर पडून होती. एवढीशी झाली होती. अंगावर कोरी नऊवारी होती. मला पाहून तिने आधी मिशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुधारली."

"मावशी, मुलांना कळवलंस?"

तिची जाऊ आत निघून गेली. मग मावशीने खरं ते सांगितलं. दोन वर्षं ती किमो घेत होती आणि मुलांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोटात गॅस धरतो, म्हणून मुंबईला तपासायला जाते, एवढंच त्यांना माहीत होतं. शिमग्याला ते आले तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते. धाकट्याला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती. तिने सांगितलं, तुज्या पोरीसाठी देवीला केस बोलले होते, दिले. पोराने आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि नवस फेडल्याबद्दल नऊवारी आणली. तीच ती नऊवारी.

"मी आत्ता फोन करतो," मी म्हणालो.

"नाय. गणपतीला येतील तवा मी सांगीन. आता कामधंदा सोडून येतील नि हितं बसून काय करतील? माजी शप्पत हाय तुला."

"तू माझ्या बापाला सांगितलंस ते?"

"ते येगळं," ती म्हणाली. "तुला जगायचं व्हतं."

मी खाली उतरलो. मुलाचा नंबर जावेकडून घेतला होता, खिशात होता. रोज तो काढून बघत होतो. शपथ घातली आहे, तिचा निर्णय आहे, आपण कोण? असं स्वतःला समजावत होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. अनोळखी माणसाला फोन लावून काय बोलायचं, ही साधी भीती. गणपतीला तीन आठवडे होते. मावशी बाराव्या दिवशी गेली.

दिवसकार्य झाल्यावर धाकटा मुलगा शाळेत आला. मधली सुट्टी होती. आम्ही स्टाफरूममध्ये दोघंच बसलो होतो. तो मुंबईत माल पोचवायची गाडी चालवतो. दणकट माणूस, पण खुर्चीत कडेला बसला होता.

"सर, तुमाला कधीपासून ठाऊक होतं? आमाला काय सांगितलं नाय, ते?"

"बारा दिवस," मी म्हणालो.

"माझी गाडी त्या आठवड्यात दोन वेळा पनवेलला आली होती. तीन तासांत पोचलो असतो."

मी शपथेचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चुलती बोलते, आय तुमच्या वडलांकडं गेली होती. हसून हसून सांगायची म्हणे."

"हो."

"तेव्हा तुमाला विचारून गेली होती?"

"नाही," मी म्हणालो.

तो उठला, वयाने मोठा म्हणून माझ्या पाया पडला आणि गेला. तासाची घंटा झाली. सहाही खेपांना तिने मला कितवी म्हणून विचारलं होतं. तुझ्या घरी कोणाला ठाऊक आहे, हे मी तिला त्या वाडीत जाईपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं.